कर्करोगाचे आकडे आणि वयाचा हिशेब

(मोर्शी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वरूड-मोर्शीच्या या संत्र्याच्या पट्ट्यात कोणत्याही गावी चार माणसे बसली की आज ना उद्या विषय कर्करोगावर येतो. अमक्याचा भाऊ गेला, तमक्याची सून नागपूरला तुकडोजी महाराज रुग्णालयात आहे, आमच्या लहानपणी हा रोग ऐकूनही माहीत नव्हता, असे बोलणे होते. त्यावर दोन ठरलेली उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर आपल्यातले तरुण कार्यकर्ते देतात: फवारणीच्या विषाने कर्करोग दुप्पट-तिप्पट केला. दुसरे उत्तर सरकारी बाजूने येते: माणसे आता जास्त जगतात, म्हणून कर्करोग दिसतो, घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी आकड्यांचा हिशेब मांडलेला नसतो. तो हिशेब कसा मांडावा, आणि मांडल्यावर त्यातून काय सिद्ध होते व काय होत नाही, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी वैद्य नाही, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. परंतु आकड्यांचे राजकारण आपल्या चळवळीला नवे नाही. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा दारिद्र्यरेषा कुठे आखायची यावरून किती वाद झाले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मोजण्याची पद्धत बदलली की गरिबांची संख्या बदलते. रोगाचेही तसेच आहे.

संख्या, दर आणि वय

प्रथम अगदी प्राथमिक गोष्ट. रुग्णांची नुसती संख्या वाढली म्हणजे रोगाचा धोका वाढला असे होत नाही, कारण लोकसंख्याही वाढलेली असते. म्हणून आपण दर लाख लोकांमागे किती रुग्ण, हे पाहतो. याला ढोबळ दर म्हणतात. पण ढोबळ दरही फसवा असतो, आणि कर्करोगाच्या बाबतीत तर फारच फसवा असतो. कारण हा रोग बहुतांशी उतारवयाचा आहे. विशीतल्या माणसाला तो होण्याचा संभव अल्प. साठीनंतर तो अनेक पटींनी वाढतो. स्वाभाविकच ज्या समाजात वृद्ध अधिक, तिथे ढोबळ दर अधिक निघणार. तिथली हवा, पाणी, अन्न कितीही शुद्ध असो.

काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा 'अ' आणि 'ब' असे दोन तालुके आहेत, प्रत्येकाची लोकसंख्या एक लाख. दोन्हीकडे त्या त्या वयाच्या माणसाला असलेला धोका अगदी सारखा आहे: पस्तिशीच्या आत लाखाला १०, पस्तीस ते एकोणसाठ या वयात लाखाला १२० आणि साठीनंतर लाखाला ४००. 'अ' तालुका तरुण आहे. त्यात पस्तिशीच्या आतले ६५ हजार, मधल्या वयाचे २८ हजार आणि साठीपुढचे ७ हजार. 'ब' तालुक्यातली तरुण पिढी पोटासाठी पुण्या-नागपूरला गेलेली. तिथे हेच आकडे ५० हजार, ३४ हजार आणि १६ हजार असे आहेत. आता गुणाकार करा. 'अ' मध्ये वर्षाला सुमारे ६८ रुग्ण निघतात आणि 'ब' मध्ये सुमारे ११०. धोका तसूभरही वेगळा नाही, तरी 'ब' तालुक्याचा आकडा दीडपटीहून अधिक! आपला एखादा कार्यकर्ता हा आकडा घेऊन तहसीलवर मोर्चा नेईल, आणि पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होऊन परत येईल.

पण उदाहरण इथे थांबवू नका, कारण ते इथेच थांबवणे सरकारी उत्तराच्या सोयीचे आहे. आता 'क' नावाचा तिसरा तालुका घ्या. त्याची वयरचना 'अ' सारखीच तरुण; परंतु तिथे खर्ऱ्याच्या व्यसनाने म्हणा वा अन्य कारणाने म्हणा, मधल्या वयातला धोका दुप्पट, म्हणजे लाखाला २४० झालेला आहे. त्याचा ढोबळ दर येतो सुमारे १०२. म्हणजे 'ब' पेक्षा कमीच! कागदावर 'क' तालुका 'ब' हून निरोगी ठरला. प्रत्यक्षात तिथे कर्ती माणसे दुप्पट वेगाने रोगाला बळी पडत आहेत. ढोबळ दराने निरपराधाला आरोपी ठरवले आणि खऱ्या आरोपीला लपवले.

यावरचा उपाय म्हणजे वयाचे समायोजन. तिन्ही तालुक्यांना एकच ठरीव वयरचना लावायची. समजा लाखात ६० हजार तरुण, ३० हजार मधल्या वयाचे आणि १० हजार वृद्ध. याला प्रमाण लोकसंख्या म्हणतात. प्रत्येक तालुक्याचे वयोगटवार दर या एकाच मापाने मोजले की 'अ' आणि 'ब' दोघांचाही दर ८२ येतो आणि 'क' चा येतो ११८. खोटा फरक गळून पडला, खरा फरक उघडा झाला. वयसमायोजित दर म्हणतात तो हाच. यात गुणाकार आणि बेरीज यापलीकडे काही नाही. सातवीतला मुलगा हे गणित करू शकेल.

ठरीव टोपलीचे माप

आपल्यापैकी ज्यांनी शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी लढे दिले, त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक असाच काढतात. ज्वारी, डाळ, तेल, कापड यांना एका पायाभूत वर्षातले वजन देऊन ठेवायचे आणि तीच टोपली दरवर्षी विकत घ्यायची. १९८६-८७ हे पायाभूत वर्ष कित्येक दशके तसेच राहिले, त्यामुळे टोपली जुनी झाली आणि मजुराच्या खऱ्या खर्चाशी तिचा मेळ राहिला नाही, ही तक्रार आपण सतत केली. प्रमाण लोकसंख्या हीदेखील अशी टोपलीच आहे. जपानचे सेगी यांनी १९६० मध्ये जागतिक तुलनेसाठी एक प्रमाण लोकसंख्या सुचवली. १९६६ मध्ये डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत किंचित बदल केला. आपल्या देशातील कर्करोगाचे दर आजही बहुधा याच मापाने दिले जातात. तीत लाखातले १२ हजार पाच वर्षांखालचे आहेत आणि पंचाहत्तरीपुढचे अवघे दोन हजार. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे अधिक वृद्धांची दुसरी प्रमाण लोकसंख्या काढली, आणि अमेरिका २००० सालची स्वतःची वापरते.

तात्पर्य, वयसमायोजित दर हा निसर्गात सापडणारा आकडा नव्हे, तो तुलनेसाठी घडवलेला आकडा आहे. दोन दर एकाच मापाने काढलेले असतील तरच त्यांची तुलना करावी. वर्तमानपत्रात 'अमेरिकेचा दर इतका, भारताचा इतका' असे छापून येते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा की दोन्हींचे माप एकच आहे काय?

या पद्धतीचा जन्मही एका सामाजिक वादातच झाला. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात लिव्हरपूल शहरातल्या वर्गावर्गांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय दिले होते: सधनांचे ३५, व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे १५. हे आकडे वाचून सगळा देश हादरला. पण १८४४ मध्ये नायसन नावाच्या विमागणिततज्ज्ञाने दाखवून दिले की मृत्यूचे सरासरी वय ही कसोटी सदोष आहे. मजूर वस्तीत मुले अधिक, म्हणून बालमृत्यूही संख्येने अधिक, म्हणून सरासरी आणखी खाली येते. एका वस्तीचे दर दुसऱ्या वस्तीच्या वयरचनेला लावून त्याने तुलना केली. यातून मजुरांचे हाल खोटे ठरले काय? मुळीच नाही. घाणीत राहणारा मजूर अकाली मरत होता हे सत्य कायम राहिले. फक्त ते पक्क्या पायावर उभे राहिले. सदोष आकड्यावर उभा असलेला न्याय्य दावा प्रतिपक्षाला फुकटचा विजय मिळवून देतो, हा धडा आपण यातून घ्यावा.

समायोजनाने उघड केलेली सत्ये

आपल्या महाराष्ट्राला या कामात मोठा वारसा आहे. लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू केली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही उभी राहिली. बार्शीची नोंदवही मला विशेष मोलाची वाटते. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिथले कर्मचारी गावोगाव गेले.

मुंबईच्या पारशी समाजाचे उदाहरण पाहा. २००१ च्या जनगणनेत या समाजातले सुमारे ३१ टक्के लोक साठीपुढचे होते; देशात हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होते. साहजिकच पारशांमधला कर्करोगाचा ढोबळ दर फार उंच दिसतो, आणि त्यातला मोठा भाग निव्वळ वयाचा आहे. परंतु वय समायोजित केल्यावरही पारशी स्त्रियांमधला स्तनाचा कर्करोग इतर समाजांहून अधिकच राहतो. उलट धर्माने धूम्रपान वर्ज्य मानलेल्या या समाजातल्या पुरुषांत तंबाखूजन्य कर्करोग कमी आढळतात. म्हणजे समायोजन फरक पुसून टाकत नाही. ते वयाचा वाटा बाजूला काढते आणि उरलेल्याचे कारण शोधा असे सांगते.

मुंबईच्याच नोंदवहीने दाखवले की काही दशकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा वयसमायोजित दर घटत गेला आणि स्तनाच्या कर्करोगाचा वाढत गेला. 'म्हातारे वाढले' एवढ्या एका उत्तराने या दोन उलट दिशांचा उलगडा होऊच शकत नाही. लग्नाचे वय, मुलांची संख्या, स्वच्छता, राहणीमान अशी सामाजिक कारणे त्यामागे आहेत.

परदेशातले एकच उदाहरण देतो. अमेरिकेत १९९१ मध्ये कर्करोगाने सुमारे ५ लाख १५ हजार माणसे मेली; २०२० मध्ये सुमारे ६ लाख २ हजार. संख्या वाढली, पण वयसमायोजित मृत्युदर याच काळात सुमारे एक-तृतीयांशाने घटला. त्याचे एक मोठे कारण धूम्रपान कमी होणे हे आहे. नुसती संख्या पाहणाऱ्याला वाटेल की तंबाखूविरुद्धचा लढा फसला. वयाचा हिशेब करणाऱ्याला दिसेल की तो यशस्वी झाला.

समायोजन काय करू शकत नाही

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या काळाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सर्वांत जास्त वयसमायोजित दर मिझोराममधल्या ऐजॉल जिल्ह्याचा आहे, लाखाला २६९.४; आणि सर्वांत कमी आपल्याच महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड जिल्ह्यांचा, लाखाला ३९.५. जवळजवळ सात पटींचा फरक! वयाचा हिशेब इथे झालेला आहे, तेव्हा हा फरक वयाचा नव्हे. मिझोराममध्ये तंबाखूचे सेवन फार मोठे आहे, हे खरे. पण बीडचा ऊसतोड मजूर देशात सर्वांत निरोगी आहे असे यावरून कोणी म्हणेल काय? जिथे निदानाची सोय दूर, जिथे आजारी माणूस तपासणीविनाच घरी मरतो, तिथे रोग कागदावर येतच नाही. न मोजलेल्या माणसाचे वय कोण समायोजित करणार? वैद्यकीय दाखल्यासह मृत्यूचे कारण नोंदवले जाण्याचे प्रमाण २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंच्या अवघे २२.५ टक्के होते.

आणि आपल्या वऱ्हाडाचे काय? त्या अहवालात महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड एवढ्या नोंदवह्या आहेत. अमरावती नाही, अकोला नाही, यवतमाळ नाही, बुलढाणा नाही. म्हणजे मोर्शी तालुक्यात कर्करोग वाढला असे म्हणणारा आणि वाढला नाही असे म्हणणारा, दोघेही अंधारात बोलत आहेत. मात्र दोघांचा दोष सारखा नाही. नोंदवही उभी करण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे, त्याने पुरावा नाही म्हणून धोका नाही असे सांगणे हा अप्रामाणिकपणा होय.

फवारणीबद्दलचा संशयही निराधार म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनला कर्करोगकारक ठरवले, आणि ग्लायफोसेट व डीडीटी यांना संभाव्य कर्करोगकारकांच्या वर्गात टाकले. परंतु तंबाखूकडे डोळेझाक करून सगळा दोष औषधांवर टाकणे हेही आत्मवंचनेचे ठरेल. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू खात होते. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणे थांबले नाही. कोणत्या वयात आणि कोणत्या अवयवाचा कर्करोग वाढतो आहे हे पाहिल्याशिवाय या दोन संशयितांमध्ये निवाडा करता येणार नाही. एकच एकत्रित दर इथेही पुरा पडत नाही. तरुणांत रोग वाढला आणि वृद्धांत घटला, तर बेरीज स्थिर दिसू शकते. म्हणून वयोगटवार आकडे नेहमी मागावेत.

आणखी एक मर्यादा. समायोजित दर तुलनेसाठी आहे, व्यवस्थेसाठी नाही. खाटा किती, किरणोपचाराची यंत्रे किती, वेदनाशमनासाठी मॉर्फीन किती, हे खऱ्या रुग्णांच्या खऱ्या संख्येवरून ठरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते; हे प्रमाण वाढतच जाणार. 'वयामुळे रुग्ण वाढले' हे विधान खरे असेल, तर त्यातून निष्कर्ष निघतो तो अधिक रुग्णालयांचा. हात झटकण्याचा नव्हे. रोग म्हातारपणाचा आहे म्हणून त्याची वेदना काही कमी होत नाही.

शिवाय रोग होणे एक आणि त्याने मरणे दुसरे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९ लाख १७ हजार मृत्यू झाले; म्हणजे शंभर नव्या रुग्णांमागे पासष्ट मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण शंभरामागे पंचवीस आहे. तिकडे लवकर शोधलेले सौम्य रोगही मोजणीत येतात, ही गोष्ट धरूनही दरी उरते. आणि वयाचे समायोजन केल्यानेही ती बुजत नाही. ती दरी उशिरा निदानाची, अंतराची आणि पैशाची आहे. सरळ सांगायचे तर ती वर्गीय आहे.

ती बुजवता येते याचा पुरावाही मराठवाड्यानेच दिला. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या विषाणूची एकदाच केलेली तपासणी आणि त्यानंतरचा उपचार यांनी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्य-कार्यकर्त्या स्त्रियांनी केलेल्या साध्या तपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये दिसले. तेव्हा हे नशिबाचे भोग नव्हेत.

आपले काम

मग आपण काय करावे? प्रथम, गावाची यादी करावी. गेल्या दहा वर्षांत ज्यांना कर्करोग झाला त्यांचे निदानाच्या वेळचे वय, स्त्री की पुरुष, निदानाचे वर्ष, अवयव, व्यवसाय, तंबाखूची सवय, आणि ते गावात किती वर्षे राहिले, हे लिहावे. लोकांची खासगी माहिती सांभाळावी. नावे कुणाच्या हाती देऊ नयेत. सोबत गावाची वयवार लोकसंख्या घ्यावी. मग वर्धा किंवा नागपूरच्या नोंदवहीतले वयोगटवार दर आपल्या गावाच्या लोकसंख्येला लावून अपेक्षित रुग्ण किती ते काढावे आणि प्रत्यक्ष रुग्णांशी ताडून पाहावे.

इथे घाई नको. देशाच्या ढोबळ दराने तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सरासरी तीन रुग्ण अपेक्षित धरले, तर अशा शंभर गावांपैकी आठेक गावांत केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी सहा वा अधिक रुग्ण निघतील, आणि पाचेक गावांत एकही निघणार नाही. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून आरोळी ठोकू नये. अनेक वर्षे आणि अनेक गावे एकत्र करून पाहावे. असे करूनही प्रत्यक्ष आकडा अपेक्षेहून बराच वर राहिला, तर मग मात्र कोणत्याही अधिकाऱ्याला 'म्हातारे वाढले' असे म्हणून तुम्हाला वाटेला लावता येणार नाही.

दुसरे, मागण्या नेमक्या असाव्यात. अमरावती विभागात लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही हवी. कर्करोगाची नोंद कायद्याने सक्तीची करावी, अशी शिफारस संसदेच्या समितीने २०२२ मध्ये केलेली आहे. तिचा पाठपुरावा हवा. तालुक्याच्या रुग्णालयात तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी नियमित हवी, आणि अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाला वेदनाशमन घराजवळ मिळायला हवे.

मित्रहो, रुग्ण मोजणे म्हणजे रुग्ण बरा करणे नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात रुपयाही ठेवला जात नाही. मोर्शीची माणसे आधी मोजली जाऊ देत. वयासकट मोजली जाऊ देत. मग त्या आकड्यांतून फवारणी दोषी निघो, खर्रा निघो की नुसते वाढलेले आयुष्य निघो. जे निघेल ते आपण स्वीकारू आणि त्याप्रमाणे लढू.